एवढं लावलंस, पाणी कोण घालणार? ‘स्टारड्यू व्हॅली’तला पहिला महिना

पहिल्यांदा ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळायला बसलो तेव्हा मिळाले तेवढे सगळे पैसे मी बियाण्यात घातले. रानातलं काहीबाही गोळा करून विकलं, त्याचंही बी आणलं, आणि पहिल्या आठवड्यात दारासमोर सत्तर झाडांचा मळा उभा केला. आजी शेजारी शेंगा फोडत बसली होती. गेम म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, पण शेत ओळखता येतं. चष्मा वर करून तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, “एवढं लावलंस, पाणी कोण घालणार?”

पाणी मीच घालत होतो. रोज सकाळी सत्तर वेळा झारी वाकवायची, मधेच ती रिकामी झाली की तळ्यावर पळायचं. पाणी घालून संपेपर्यंत माझ्या शेतकऱ्याचा निम्म्याहून जास्त दम गेलेला असायचा. लाकूड तोडायला, खाणीत उतरायला, मासे धरायला काही उरायचंच नाही. आठ दिवसांत कंटाळलो आणि गेम बंद केला. पुन्हा सुरू केला तो दोन महिन्यांनी, आणि तेव्हा आजीचं गणित आधी केलं. या लेखात सांगतोय ते तेच गणित.

ज्यांनी हा गेम पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून तो बनवला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. २६ फेब्रुवारी २०१६ ला तो आधी कॉम्प्युटरवर आला, नंतर कन्सोल आणि मोबाइलवर. एकदा विकत घेतला की आत पुन्हा पैसे मागत नाही, आणि एकट्याने खेळायला नेट लागत नाही. मराठीत तो नाही, पण इंग्रजी सोपं आहे. गोष्ट अशी: जोजा नावाच्या कंपनीत खुर्चीला चिकटलेला एक माणूस आजोबांचं पत्र उघडतो आणि त्यांच्या पडीक शेतावर राहायला जातो. शेजारचं गाव पेलिकन टाउन. शेती, मासेमारी, खाणकाम, गावातल्यांशी ओळखपाळख, हवं तर लग्न, हे सगळं त्यात आहे. जिंकायचं असं काही नाही.

सुरुवातीलाच: कोणतं शेत घ्यायचं

नवा खेळ सुरू करताना शेताचे बरेच प्रकार समोर येतात. नदीचं, जंगलाचं, डोंगराचं, समुद्रकाठचं. दिसायला छान आहेत, पण पहिल्या वेळेला साधं शेतच घ्या. सगळ्यात मोकळी, सलग जमीन त्यात मिळते. समुद्रकाठच्या शेतावर बहुतेक भागात स्प्रिंकलर चालत नाहीत, हे नवख्याला कळतं तोवर उशीर झालेला असतो. कुरणाच्या शेतावर खुराडं आणि दोन कोंबड्या आयत्या मिळतात. जनावरांचाच शौक असेल तर ते घ्या, एरवी नको.

दमाचं गणित

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक उभी हिरवी पट्टी असते. तो तुमचा दम. सुरुवातीला २७० असतो. कुदळीने एक चौकट खणली की २ जातात, एका झाडाला पाणी घातलं की २, कुऱ्हाडीचा किंवा टिकावाचा एक घाव २. मासे धरायला गळ टाकला की एकदम ८. विळा मात्र कितीही चालवा, फुकट आहे. गवत, तण काढायला तोच वापरा. जसजशी कामाची सवय होते, म्हणजे त्या त्या कौशल्याची पातळी वाढते, तसतसा हा खर्च थोडा कमी होत जातो.

दम शून्यावर गेला की शेतकरी धापा टाकत रांगल्यासारखा चालतो, आणि दुसऱ्या दिवशी उठतो तो निम्म्याच दमाने. म्हणजे आजची हाव उद्याच्या खात्यातून वळती होते. पट्टी थोडी शिल्लक असतानाच हत्यारं खाली ठेवा आणि गावात फेरी मारा; चालायला, बोलायला दम लागत नाही.

वेळेचंही एक भान हवं. दिवस सकाळी ६ ला सुरू होतो, रात्री २ ला संपतो, आणि आपल्या घड्याळात हे सगळं साधारण १४ मिनिटांत उरकतं. रात्री २ वाजता घराबाहेर असाल तर जागेवरच कोसळता, आणि जवळचे १० टक्के पैसे जातात, जास्तीत जास्त १,०००. बारानंतर झोपलात तरी दम पूर्ण भरत नाही. बाराच्या आत अंथरुणावर, एवढं पक्कं करा. झोपल्याशिवाय खेळ साठवलाही जात नाही, तेव्हा ‘जेवण झालंय, ये’ अशी हाक आली तर एक दिवस वाया जाणार हे धरून चाला. निदान वस्तूंची यादी (मेनू) उघडून ठेवा. एकट्याने खेळताना ती उघडी असेपर्यंत घड्याळ थांबतं.

पहिला दिवस: ५०० चा हिशोब

हातात ५०० नाणी आणि सरपंच लुईसने दिलेलं पार्सनिपचं १५ बी. (पार्सनिप म्हणजे पांढरट गाजरासारखं एक कंद. मी अजून खाल्लेलं नाही, पिकवलंय हजारोंनी.) घरासमोरचा छोटा तुकडा साफ करा, १५ चौकटी खणा, पेरा, पाणी घाला. सगळं शेत साफ करायच्या मागे लागू नका. ते काम वर्षभर पुरतं.

नऊला पिअरचं दुकान उघडतं. मी आता दर वेळी हेच घेतो: फ्लॉवरचं एक बी ८० ला, घेवड्याचं एक ६० ला, बटाट्याची चार प्रत्येकी ५० ला, आणि उरलेल्या १६० मध्ये पार्सनिपची आठ. बरोबर ५०० होतात. सगळी मिळून २९ झाडं, म्हणजे रोजच्या पाण्याला ५८ दम. पट्टीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जरासा जास्त. उरलेला दिवस तुमचा. झारी एकदा भरली की ४० वेळा चालते, म्हणजे २९ झाडांना मधे तळ्यावर जावं लागत नाही. पहिल्या पंधरवड्यात तीस-पस्तिसाच्या पुढे जाऊ नका, एवढं माझं ऐका.

फ्लॉवर आणि घेवडा एकेकच का, ते पुढे सांगतो. फक्त घेवडा लावताना जागा बघा. त्याचा मांडव होतो आणि मांडवातून आरपार जाता येत नाही. मी एकदा चहूबाजूंनी मांडव करून मधल्या झाडांची वाटच बंद केली होती.

खऱ्या शेतीपेक्षा एक गोष्ट इथे फार सुखाची आहे. एखाद्या दिवशी पाणी राहिलं तर झाड मरत नाही, फक्त एक दिवस मागे पडतं. मरतं ते ऋतू बदलल्यावर. खेळ वसंतात सुरू होतो, आणि प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, म्हणजे एकाच महिन्याचा. पार्सनिपला ४ दिवस लागतात, बटाट्याला ६, फ्लॉवरला १२. म्हणजे फ्लॉवर १६ तारखेनंतर लावलात तर ते बी मातीत गेलं म्हणायचं.

पहिला आठवडा

महिना २८ चा असल्यामुळे प्रत्येक महिन्याची १ तारीख सोमवारीच येते. तारीख-वार एकदा डोक्यात बसले की चुकत नाहीत. पिअर बुधवारी बंद, म्हणजे ३, १०, १७, २४. सुतारकाम करणारी रॉबिन मंगळवारी दुकानात नसते. शुक्रवारी आणि रविवारी दक्षिणेच्या जंगलात एक फिरती गाडी येते. माल महाग, पण एरवी न मिळणारी वस्तू कधी कधी तिथेच सापडते.

रोज उठल्यावर आधी टीव्ही लावा. हवामान पाहायला चुकू नका. उद्या पाऊस म्हणजे उद्या झारीला सुट्टी, सगळा दम दुसऱ्या कामाला. पहिल्या वसंतात ३ तारखेला पाऊस पडतोच. त्या दिवशी लाकूड तोडा. ५० लाकडांची एक पेटी होते, ती पहिल्या दोन-तीन दिवसांत करून घराबाहेर ठेवा, नाहीतर बारा खणांची पिशवी भरून वस्तू टाकून द्यायची वेळ येते. पैसे जमले की पहिली मोठी खरेदी पिअरकडची मोठी पिशवी, २,००० ला. हत्यार नको, कोंबडी नको, आधी पिशवी. लाकूड आणि दगड विकू नका. कमी पडलं तर पहिल्या वर्षीच रॉबिनकडून घ्या. लाकूड तिच्याकडे १० ला मिळतं, दुसऱ्या वर्षी तेच ५० ला.

२ तारखेला विली कोळ्याचं पत्र येतं. किनाऱ्यावर गेलात की तो फुकट गळ देतो. मासे धरण्याचा खेळ नव्या माणसाला रडवतो. हिरवी पट्टी माशाच्या मागे वर-खाली न्यायची असते, आणि सगळे जण बटण दाबून धरतात. दाबून धरू नका, टिचक्या मारा. पट्टी तळाला आपटली की उसळते, तेव्हा ती अलगद खाली येऊ द्या. तरी जमेना तर विलीकडे २५ नाण्यांना शिकाऊ गळ मिळतो. त्याने फक्त साधे मासे लागतात, पण पट्टी मोठी होते. सराईत खेळाडू पहिल्या आठवड्यात मासेमारीवरच पैसा करतात. तुम्हाला आवडलं तर करा. मला स्वतःला दोन वर्षं आवडलं नव्हतं आणि काही अडलं नाही.

५ तारखेला तीन गोष्टी एकत्र येतात. पहिल्या दिवशीचं पार्सनिप निघतं. ते काढून झोपलात की शेतीची पहिली पातळी मिळते आणि बुजगावणं करता येतं: ५० लाकूड, २० तंतू, १ कोळसा. पिकं पंधराच्या वर गेली की कावळे येऊ लागतात, आणि त्यांना नेमका तो एकुलता फ्लॉवर दिसतो. कोळसा नसेल तर लोहार क्लिंटकडे १५० ला मिळतो. महाग वाटेल, पण घ्या.

दुसरं, डोंगरातली खाण उघडते. तिसरं, सकाळी ८ ते १ च्या दरम्यान गावात शिरलात आणि पाऊस नसेल, तर लुईस तुम्हाला पडक्या समाजमंदिरापाशी घेऊन जातो. आत जा, जमिनीवर चमकणारी सोनेरी पाटी बघा. दुसऱ्या दिवशी जादूगाराचं पत्र येईल, त्याला भेटा. गेमचा मोठा भाग इथून सुरू होतो.

एक नग बाजूला

समाजमंदिरात जुनिमो नावाची सफरचंदाएवढी भुतं राहतात. ठरावीक वस्तूंचे जुडगे त्यांना दिले की ती एकेक खोली दुरुस्त करतात आणि बदल्यात काहीतरी देतात. वसंतातल्या पिकांच्या जुडग्यात पार्सनिप, घेवडा, फ्लॉवर आणि बटाटा हे चार एकेक लागतात. पहिल्या दिवशी एकेक बी का घेतलं ते आता कळलं असेल. पिकं निघाली आणि सगळी विकून टाकली, तर पुढच्या वसंताची वाट बघायची. असले उद्योग मी केलेत.

म्हणून नियम सोपा: कुठलीही नवी वस्तू हाती आली की पहिला नग पेटीत. रानातून उचललेले डॅफोडिल, डँडेलियन, लीक, रानटी हॉर्सरॅडिश हे चारही एका जुडग्यात लागतात. सोनेरी चांदणीचं, म्हणजे उत्तम प्रतीचं, पार्सनिप निघालं तर अशी पाच साठवा. एका जुडग्यात तसली पाच चालतात. कोठाराची खोली पूर्ण झाली की काचघर मिळतं, तिथे बारा महिने कुठलंही पीक येतं. पहिल्या हिवाळ्यापर्यंत ते मिळालं तर उत्तमच, पण नाही मिळालं तरी चालतं.

५,००० भरून जोजाचं सभासद व्हायचा दुसरा रस्ताही आहे. मग जुडगे नाहीत, नुसते पैसे मोजायचे. पहिल्या वेळेला तो घेऊ नका. गावातल्या वस्तू, ऋतू, मासे यांची ओळख जुडग्यांमुळेच होते.

खाण आणि तांबं

खाण १२० मजल्यांची आहे. दर ५ मजल्यांवर लिफ्ट थांबते, म्हणजे एका फेरीत निदान पुढचा पाचाचा टप्पा गाठायचा आणि परतायचं. तोंडाशी मार्लन नावाचा एक म्हातारा तुम्हाला एक गंजकी तलवार देतो. बरोबर खायला काहीतरी ठेवाच. आत बेशुद्ध पडलात तर पैसे आणि वस्तू दोन्ही हरवतात. रानातल्या झाडांच्या तीन प्रकारच्या बिया एकेक घेऊन एक शिदोरी बनवता येते, तिने ४५ दम भरतो. १५ ते १८ तारखेला झुडपांवर गुलाबी बेरी लागतात. ते चार दिवस दिसेल ते झुडूप हलवा. एक बेरी २५ दम देते, आणि शंभरेक साठवल्या की पुढचा महिनाभर खाणीत चिंता नाही.

पहिल्या ३९ मजल्यांत तांबं, ४० च्या खाली लोखंड. थोडं तांबं मिळालं की क्लिंट दुसऱ्या दिवशी दारात येऊन भट्टीची कृती देतो. पाच खनिजं आणि एक कोळसा घातला की एक कांडी तयार. पहिल्या पाच कांड्या आणि २,००० नाणी देऊन मी टिकाव सुधारून घेतो, कारण टिकाव चांगला असला की लोखंडापर्यंत लवकर पोचता येतं.

झारी सुधारायची तर दिवस निवडून. क्लिंट हत्यार दोन दिवस ठेवून घेतो. टीव्हीवर ‘उद्या पाऊस’ दिसलं की आज सकाळी पाणी घालायचं, चारच्या आत झारी त्याच्याकडे टाकायची, उद्याचं पाऊस बघून घेईल, परवा नऊला झारी घ्यायची. एकही झाड कोरडं राहत नाही. तांब्याची झारी एका दमात रांगेतल्या तीन झाडांना भिजवते.

आणि लोखंड मिळालं की स्प्रिंकलर. एक तांब्याची कांडी, एक लोखंडाची. साधा स्प्रिंकलर फक्त चारच बाजूंना पाणी देतो म्हणून जाणते लोक नाक मुरडतात आणि सहाव्या पातळीवर येणाऱ्या, आठ झाडं भिजवणाऱ्या स्प्रिंकलरची वाट बघतात. मी पाच-सहा साधे करतोच. चोवीस झाडं म्हणजे रोजचे ४८ दम वाचले.

गावकरी

एका माणसाला आठवड्यातून दोन भेटी देता येतात, दिवसाला एक. कोणाला काय आवडतं ते बोलता बोलता कळतं. व्हीलचेअरवरच्या खवचट जॉर्जला लीक फार आवडतो, आणि तो वसंतात फुकट उगवतो. वाढदिवसाच्या भेटीची किंमत आठपट. पॅमचा वाढदिवस १८ वसंत, आणि तिला पार्सनिप प्रिय. एका ३५ नाण्यांच्या कंदावर मैत्रीचे अडीच बदाम भरतात. ती दुपारपर्यंत नदीजवळच्या ट्रेलरमध्ये सापडते, संध्याकाळी सलूनमध्ये.

कचऱ्याचे डबे कुणाच्या देखत धुंडाळू नका, लोक नाराज होतात. तंबूत राहणारा लायनस तेवढा समजून घेतो.

कोंबड्या: आधी चारा

खुराड्याला ४,००० नाणी, ३०० लाकूड आणि १०० दगड लागतात. एक कोंबडी ८०० ला. पण त्याआधी वैरणीचं कोठार बांधा: १०० नाणी, १०० दगड, १० चिकणमाती, ५ तांब्याच्या कांड्या. ते उभं असताना विळ्याने गवत कापलं तरच त्याचा चारा साठतो. कोठाराआधी कापलेलं गवत वाया जातं. म्हणून पहिल्या दिवशी शेत साफ करताना उंच हिरवं गवत तसंच राहू द्या.

१३ तारखेची जत्रा

१३ तारखेला गावात अंड्यांची जत्रा असते, सकाळी ९ ते २ च्या दरम्यान चौकात जायचं. पिअर तिथे स्ट्रॉबेरीचं बी १०० ला विकतो. बाकी दिवशी तो ते ठेवत नाही, म्हणून १० तारखेपासून पैसे राखून ठेवा. घरी परतता तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. जमीन सकाळीच खणून ठेवलेली असली तर त्याच रात्री लावून पाणी घालता येतं. मग २१ ला आणि २५ ला असे दोन तोडे मिळतात, फळ १२० ला. दहा-पंधरा रोपं पुरे.

२८ ची संध्याकाळ

शेतातलं पिकलेलं सगळं आज काढा. उद्या सकाळी वसंतातली पिकं वाळून काळी पडलेली असतील. विक्रीच्या पेटीत टाकलेल्या मालाचे पैसे रात्रीत जमा होतात, म्हणजे उन्हाळ्याच्या १ तारखेला बी घ्यायला ते हाताशी येतात. दिवस सोमवार, पिअर उघडा.

घ्यायची ती ब्लूबेरी. बी ८० ला, १ तारखेला लावली की १४, १८, २२ आणि २६ असे चार तोडे, दर वेळी तीन फळं, फळाला ५०. एका बियाचे ६००. हा हिशोब डोक्यात आला की शंभर बिया घ्याव्याशा वाटतात. दुकानात शिरण्याआधी शेतात किती स्प्रिंकलर उभे आहेत ते मोजा, त्याला चाराने गुणा, हाताने पाणी घालायची वीस-पंचवीस झाडं त्यात मिळवा, आणि तेवढंच बी आणा.